तोंडातून निघणारी कागदी फीत : कोणती घ्यावी, कोणती टाळावी

एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम आटोपतात आणि लगेच मे महिन्याच्या सुट्टीत वस्तीवस्तीतून मुलांची शिबिरे भरतात. वक्तृत्व, गायन, चित्रकला यांच्या स्पर्धा असतातच. पण मुलांना विचारा, त्यांची पहिली मागणी जादूच्या प्रयोगांची असते. बाहेरचा नावाजलेला जादूगार बोलवायचा तर मंडळाच्या वर्गणीला ते झेपत नाही. मग वस्तीतलाच कॉलेजात जाणारा एखादा मुलगा, अंगणवाडीतली ताई किंवा कारखान्यात पाळी करणारा भाऊ चार-पाच प्रयोग शिकून घेतो आणि कार्यक्रम पार पाडतो. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्या माणसांनी आपल्या मुलांना हसवावे, यासारखे दुसरे काय?

असा नवशिका भाऊ जादूच्या सामानाच्या दुकानात गेला, की दुकानदार पहिल्या प्रथम त्याच्या हातात कागदी कॉइल ठेवतो. कारण उघड आहे. वस्तू स्वस्त, फार सराव लागत नाही, आणि परिणाम मोठा. रिकाम्या तोंडातून हातभर, वावभर, मग सगळ्या मंचभर रंगीत कागदी फीत निघत राहते आणि मुले टाळ्या पिटतात. पण कॉइल म्हणजे एकच वस्तू नव्हे. तिचे तीन-चार प्रकार आहेत, नावे एकमेकांसारखी आहेत, आणि पाकिटावर बहुधा काहीच लिहिलेले नसते. तोंडात धरायची कोणती, डब्यातून काढायची कोणती, हवेत फेकायची कोणती, हे न समजता माणूस पैसे देऊन बसतो. पैसे गेले तर एक वेळ चालेल, पण चुकीची वस्तू मुलाच्या तोंडात गेली तर ते परवडणारे नाही. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही या कागदी कॉइलची तुलना करायचे ठरवले आहे.

कॉइल म्हणजे काय?

कागदाची लांबच लांब अरुंद पट्टी घट्ट गुंडाळून केलेली चकती, म्हणजे कॉइल. शिंप्याकडची फितीची गुंडाळी आपण बाहेरच्या टोकाने उलगडतो. जादूच्या कॉइलचे उलटे असते. तिचे बाहेरचे टोक चिकटवून बंद केलेले असते आणि फीत मधून, म्हणजे पोटातून ओढायची असते. त्यामुळे चकती जागच्या जागी राहते, गरगर फिरत नाही, आणि फीत मळसूत्रासारखी वळत बाहेर येते. सगळी गंमत या एका युक्तीत आहे. एवढीशी चकती तळहातात किंवा गालाच्या आत मावते, आणि तिच्यातून आठ-दहा मीटर कागद निघतो. पाहणाऱ्याचा डोळा निघालेल्या ढिगाकडे बघतो आणि म्हणतो, एवढे आत मावणार कसे? घट्ट गुंडाळलेला पातळ कागद किती थोडी जागा घेतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुकानात साधारणपणे तीन प्रकार मिळतात. पहिला माउथ कॉइल, म्हणजे तोंडातून काढायची छोटी चकती. दुसरा हॅट कॉइल, म्हणजे टोपीतून, पेटीतून किंवा डब्यातून काढायची मोठी आणि जाड चकती. तिसरा थ्रो कॉइल, म्हणजे मुठीतून फेकल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरणाऱ्या बारीक फितींचा जुडगा. या तिन्हींना आम्ही पाच प्रश्न विचारणार आहोत. मुलांना धोका किती? मागच्या रांगेतून दिसते का? पुन्हा वापरता येते का? घरी करता येते का? आणि शेवटी, पसारा किती होतो?

माउथ कॉइल

तिन्हींमध्ये सर्वांत परिणामकारक हीच, आणि सर्वांत जपून वापरायचीही हीच. चकती दातांच्या मागे आडवी धरतात, मधले टोक ओठांशी आणतात आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने, न थांबता फीत ओढतात. हिसका दिला तर कागद तुटतो. हळू ओढले तर लाळेने बाहेरचे पदर भिजून एकमेकांना चिकटतात. पोटातले पदर मात्र घट्ट गुंडाळीमुळे कोरडे राहतात, म्हणून प्रयोग साधतो.

बाजारातल्या माउथ कॉइल बहुतेक रंगीबेरंगी असतात. रंग दिसायला छान, पण तो तोंडात विरघळण्यासाठी केलेला नसतो. विकत घेतलेली एक कॉइल आधी ओल्या पांढऱ्या रुमालावर दाबून बघावी. रुमालाला रंग लागला तर तो जिभेलाही लागणार. अशी कॉइल हातातून, डब्यातून काढायला वापरावी, तोंडात घालू नये. तोंडासाठी पांढरी, बिनरंगी, बिनछपाईची कॉइलच बरी. मंचावर मागे गडद चादर लावली तर पांढरी फीत रंगीत फितीपेक्षा अधिक उठून दिसते, हा वर फायदा.

धोक्याचा मुद्दा मात्र रंगापेक्षा मोठा आहे. लहान मुलांच्या घशात अडकू शकणारी वस्तू कोणती, हे ठरवण्यासाठी खेळण्यांच्या मानकांमध्ये एक नळकांडे वापरतात. त्याची रुंदी ३१.७ मिलिमीटर असते. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याची मानतात. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंद आहे. छोटी माउथ कॉइल साधारण तेवढीच असते. म्हणजे न उलगडलेली कॉइल खाली पडली आणि रांगत्या मुलाने उचलून तोंडात घातली, तर ती नेमकी त्या धोक्याच्या मापाची आहे. शिवाय कागद लाळेने फुगतो आणि चिकटतो.

म्हणून आमचे तीन नियम आहेत. एक, माउथ कॉइल तोंडात घेईल तो मोठा माणूसच. शाळकरी मुलाच्या तोंडात ती द्यायची नाही, तो कितीही हुशार असला तरी. दुसरा, प्रयोगाला नेताना कॉइल मोजून न्यायच्या, वापरलेल्या वजा करायच्या आणि उरलेल्या मोजूनच परत आणायच्या. तिसरा, एकाच्या तोंडातली कॉइल दुसऱ्याने तोंडात घ्यायची नाही. सर्दीने नाक बंद असेल त्या दिवशी हा प्रयोग करूच नये, कारण चकती तोंडात असताना श्वास नाकानेच घ्यावा लागतो. तोंडात चकती असताना बोलायचे नाही, हसायचे नाही, पळायचे नाही.

प्रयोग मांडण्याच्या पद्धतीतही निवड आहे. जुनी पद्धत अशी, की जादूगार कागदाचे कपटे कचाकचा खातो आणि मग त्याच्या तोंडातून फीत निघते. मोठ्यांच्या सभेत हे ठीक. समोर चार-पाच वर्षांची मुले असतील तर आम्ही ही पद्धत टाळायला सांगू. मूल जे बघते ते घरी जाऊन करते. मंचावरचा दादा कागद खातो, म्हणून तेही खाईल. त्यापेक्षा उचकीची पद्धत चांगली. जादूगार बोलता बोलता उचकी लागल्याचे सोंग करतो, रुमालाने तोंड पुसतो, रुमालाच्या आडून चकती आत जाते, आणि पुढच्या उचकीला फितीचे टोक बाहेर येते. मुले पोट धरून हसतात आणि काही खाल्ल्याचे दिसत नाही.

याहून सोपी युक्तीही आहे. चकती तोंडात घ्यायचीच नाही. ती मुठीत ठेवायची, मूठ ओठांशी धरायची आणि दुसऱ्या हाताने मुठीतून फीत ओढायची. समोरून बघणाऱ्याला ती तोंडातूनच निघाल्यासारखी वाटते. यात रंगीत कॉइलही चालते, कागद भिजत नाही, घशाचा प्रश्न येत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी प्रयोग केलेला नाही त्यांनी येथूनच सुरुवात करावी.

कोणता कागद तोंडात घालू नये

खर्च वाचवण्यासाठी पुष्कळजण घरीच पट्ट्या कापतात. ती सवय चांगली. पण कागद निवडताना दोन कागद तोंडासाठी कायमचे बाद करावेत.

पहिला वर्तमानपत्राचा. छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्याविरुद्ध इशारा दिला, आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत त्याला मनाईच केली. वडापावाला जो कागद चालत नाही तो जिभेवर कसा चालेल?

दुसरा कागद फसवा आहे. दुकानातल्या बिलाच्या यंत्राची गुळगुळीत पांढरी गुंडाळी अगदी तयार कॉइलसारखी दिसते. अरुंद, लांब, स्वच्छ. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कामाला असलेल्या कोणाकडून ती सहज मिळतेही. पण हा कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि त्यावर रसायनाचा थर असतो. त्या थरात बहुतेक वेळा बिस्फेनॉल वर्गातले रसायन असते, आणि ते शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करते. नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटली, तर तो कागद असला समजावे. तो तोंडात तर नकोच, मुलांच्या हातात खेळायलाही देऊ नये.

क्रेप कागद शाळेच्या पताकांसाठी आपल्या ओळखीचा आहे. तो ताणला जातो, सहज तुटत नाही, पण ओला झाला की रंग सोडतो आणि जाड असल्यामुळे चकती मोठी होते. तो मुठीतून आणि डब्यातून काढण्यासाठी ठेवावा.

घरी माउथ कॉइल कशी करावी

पांढरा, पातळ, बिनछपाईचा टिश्यू कागद किंवा पतंगाचा पांढरा कागद घ्यावा. समजा, ५० बाय ७५ सेंटिमीटरचा एक कागद आहे. त्याच्या लांबीच्या दिशेने दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या तर ३३ पट्ट्या मिळतात. सगळ्या जोडल्या की सुमारे २४ मीटर फीत होते, म्हणजे आठ मीटरच्या तीन कॉइल. पट्टी कापताना पोलादी मोजपट्टी वापरावी. कड वेडीवाकडी झाली तर तिथेच फीत अडकते.

जोड लावताना बोटभर खळ फासू नये. काडीच्या टोकाने मैद्याच्या खळीचा ठिपका ठेवावा, एक सेंटिमीटर कागद एकावर एक घ्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. ओला जोड गुंडाळला तर पदर चिकटतात आणि ऐन वेळी फीत तुटते. रासायनिक गोंद या कामाला नको. खळ पुरेशी आहे.

आता लोकर विणायची बारीक सुई घ्यावी. फितीचे पहिले टोक दुमडून छोटीशी जीभ बाहेर ठेवावी, कारण पुढे ओढायचे टोक हेच. मग सुईभोवती फीत गुंडाळत जावे, दर दोन-तीन वेढ्यांनी कड टेबलावर ठोकून सारखी करावी. घट्ट गुंडाळली तर आठ मीटरची चकती दहाच्या नाण्याच्या आसपास होते. शेवटचे टोक खळीच्या ठिपक्याने बंद करावे, सुई हळूच काढून घ्यावी. पहिली कॉइल हमखास सैल होते. ती सरावाला ठेवावी.

महिला मंडळातल्या दोन-तीन भगिनी दुपारी बसल्या तर आठवड्याभरात शिबिराला पुरतील एवढ्या कॉइल तयार होतात. कापायला आणि मोजायला मोठ्या मुलांना बसवावे. ३३ पट्ट्या गुणिले ७५ सेंटिमीटर, जोडात गेले किती आणि उरले किती, हे गणित पुस्तकातल्यापेक्षा लवकर समजते.

हॅट कॉइल

ही चकती वाटीएवढी आणि रुंद पट्टीची असते. रिकाम्या दाखवलेल्या टोपीत किंवा डब्यात ती ठेवायची, मध्ये काठी घालून गोल फिरवायची, की शंकूसारखी फीत वर चढते आणि बाहेर ओसंडते. तोंडाचा संबंध नाही, चकती मोठी असल्याने घशात जाण्याचा धोका नाही, आणि मोठ्या मैदानातही शेवटच्या रांगेला दिसते. आमच्या पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्नांत ती पहिली येते.

घरी करायलाही सोपी. येथे जुने वर्तमानपत्र चालते. मोठ्या आकाराच्या पत्राचे दुहेरी पान उघडले तर त्यातून ४ सेंटिमीटर रुंदीच्या तेरा-एक पट्ट्या निघतात, म्हणजे एका पानात सुमारे नऊ मीटर फीत. तीन पाने म्हणजे २७ मीटर! गुंडाळून झाल्यावर चकतीच्या सपाट बाजूवर स्केचपेनने लाल, निळे, पिवळे पट्टे ओढावेत. फीत बाहेर येते तेव्हा तिची कड रंगीत दिसते आणि आतमध्ये बातम्या आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पाण्याचा रंग वापरू नये, पदर चिकटतात.

दोष एवढाच, की टोपी किंवा डबा आधी रिकामा दाखवण्याचा सराव लागतो. आरशासमोर आठ-दहा दिवस केला की जमतो.

थ्रो कॉइल

जपानमध्ये 'नो' नावाची शेकडो वर्षांची नाट्यपरंपरा आहे. त्यातल्या 'त्सुचिगुमो' या नाटकात कोळ्याच्या रूपातला राक्षस योद्ध्यावर पांढरे जाळे फेकतो. ते जाळे म्हणजे हाताने बनवलेल्या कागदाच्या अतिशय बारीक फिती. टोकाला शिशाचा इवलासा तुकडा, म्हणजे फेकल्यावर त्या सुटून लांब जातात. जादूगारांच्या हातातली थ्रो कॉइल याच जातीची. दिसायला हिच्यासारखे काही नाही. क्षणात सगळा मंच जाळ्याने भरतो.

पण मुलांच्या कार्यक्रमासाठी आम्ही हिला शेवटचा क्रमांक देतो. कारणे सांगतो. काही मालात टोकाचे वजन शिशाचे असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे, थोड्या प्रमाणातही. आणि फेकलेली फीत गोळा करायला सर्वांत आधी धावतात ती लहान मुलेच. दुसरे, आपल्या बहुतेक कार्यक्रमांत मंचावर प्रतिमेपुढे मेणबत्त्या पेटवलेल्या असतात. पातळ कागदाची फीत ज्योतीवर पडली तर जाळ सगळ्या जाळ्याभर पसरायला वेळ लागत नाही. तिसरे, वर पंखा चालू असेल तर फीत पात्यांत गुंडाळली जाते.

एखाद्याने हट्टाने वापरायचीच ठरवली तर वंदना आणि पूजन आधी पूर्ण करावे, मेणबत्त्या विझवून बाजूला ठेवाव्यात, पंखे बंद करावेत, मुलांना किमान चार-पाच पावले मागे बसवावे आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. चकचकीत धातूच्या थराची फीत उडवणारी नळी बाजारात मिळते, ती तर वस्तीत नकोच. डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि त्या फितीतून वीज वाहू शकते.

कापडी फितीचा पर्याय

कागदी कॉइल एकदा उलगडली की संपली. पुन्हा तितकी घट्ट गुंडाळणे हाताने जमत नाही. ज्यांना महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम करायचे आहेत त्यांनी सॅटिनची पाच-दहा मीटर फीत एकदाच घ्यावी. ती नागमोडी घड्या घालून पुठ्ठ्याच्या नळीत भरावी आणि मुठीतून काढावी. मळली की धुवावी, इस्त्री करावी. पहिल्या दिवशी खर्च जास्त, पण वर्षाचा हिशेब मांडला तर हीच स्वस्त.

पसारा कोण उचलणार?

हा प्रश्न दुकानदार सांगत नाही आणि पाकिटावर लिहिलेला नसतो. प्रयोग संपतो, टाळ्या होतात, पाहुणे चहाला जातात आणि मंचावर पंचवीस-तीस मीटर कागद पडलेला असतो. सकाळी तो कोणीतरी झाडणार. हा सदर वाचणाऱ्या किती घरांतली माणसे पहाटे हातात झाडू घेऊन शहर साफ करायला निघतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. दुसऱ्याने टाकलेले उचलणे हे आपल्याच नशिबी आहे, असे आपल्या मुलांना कोणत्याही कार्यक्रमातून शिकवले जाता कामा नये. त्याचप्रमाणे आपण टाकलेले दुसऱ्याने उचलावे, हेही नको.

म्हणून फीत गोळा करणे हा प्रयोगाचाच भाग करावा. दोन गट पाडावेत, प्रत्येक गटाला एक पेन्सिल द्यावी आणि जो गट पेन्सिलीभोवती सर्वांत लांब फीत गुंडाळील त्याला पुढचा प्रयोग मंचावर उभे राहून जवळून पाहता येईल. तोंडातून काढलेली ओली फीत मात्र जादूगाराने स्वतः उचलून टाकावी. पाच मिनिटांत मंच साफ होतो आणि मुलांना वाटते की आपणही जादूत होतो.

मग निवड कोणती?

थोडक्यात सांगायचे तर असे. समोर अंगणवाडीची मुले असतील तर कापडी फीत मुठीतून काढावी, किंवा घरी केलेली हॅट कॉइल डब्यातून. पहिली ते चौथीची मुले असतील तर हॅट कॉइल आणि मुठीतली रंगीत कॉइल. पाचवीच्या पुढची मुले आणि पालक असतील तर मोठ्या माणसाने पांढरी माउथ कॉइल तोंडातून काढायला हरकत नाही. थ्रो कॉइल बंदिस्त सभागृहात, मेणबत्त्या नसताना आणि फक्त मोठ्यांसाठी.

दुकानात घेताना आणखी एक बघावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे आपल्या देशात बंधनकारक आहे. 'मुलांचा जादूचा संच' म्हणून जे खोके विकले जाते त्यावर हे चिन्ह आहे का, ते विचारावे. विचारण्यात संकोच कसला? पैसे घामाचे आहेत.

आणि जादूगार दरवेळी मुलगाच आणि फीत धरायला मुलगी, ही वाटणी बदलावी. मुलीच्या मुठीतून फीत निघाली तरी तेवढीच लांब निघते.

फितीबरोबर काय बोलायचे?

आता शेवटचा आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तोंडातून फीत काढण्याचा हा प्रयोग आजचा नाही. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने चेटकिणींविषयी एक मोठे पुस्तक छापले. त्या काळी युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून गरीब, म्हाताऱ्या, एकट्या बायकांना पकडून मारले जात होते. स्कॉटने लिहिले की हे आरोप निराधार आहेत. आणि लोक ज्याला अद्भुत शक्ती म्हणतात ते हाताच्या सफाईने कसे करता येते, हे दाखवण्यासाठी त्याने जादूगारांच्या युक्त्या उघड करून सांगितल्या. त्यांत तोंडातून हव्या त्या रंगाच्या, हव्या तेवढ्या लांबीच्या फिती काढण्याची युक्तीही आहे. म्हणजे आपल्या शिबिरातली ही करमणूक चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका निरपराध बाईचा जीव वाचावा म्हणून छापली गेली होती!

आपल्याकडे हे संपले आहे असे कोणी म्हणू नये. कोणी मांत्रिक आजारी माणसाच्या अंगातून केस, दोरा, खिळा काढून दाखवतो आणि करणी निघाली म्हणून पैसे घेतो. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचे घर वाळीत टाकले जाते. दोरा निघतो तो कॉइलसारखाच, आडोशातून. फरक एवढाच की जादूगार ही कला आहे म्हणून सांगतो, आणि मांत्रिक ही शक्ती आहे म्हणून सांगतो. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव असे 'चमत्कार' करून दाखवले आणि मग त्यामागची युक्ती सांगितली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून फीत पूर्ण निघाल्यावर जादूगाराने मुलांना दोन वाक्ये जरूर सांगावीत. "ही हातचलाखी आहे. माझ्यात कसलीही शक्ती नाही, मी सराव केला आहे." लहान मुलांना एवढे पुरे. पाचवीच्या पुढच्या मुलांना मात्र कार्यक्रमाच्या शेवटी एक कॉइल उघडून दाखवावी, मधले टोक ओढून दाखवावे आणि आठ मीटर कागद नाण्याएवढ्या जागेत कसा बसतो ते त्यांनाच सांगायला लावावे. काही जादूगार म्हणतील की युक्ती सांगितली तर धंदा बुडतो. व्यावसायिकांचे ते म्हणणे आम्ही समजू शकतो, त्यांचे त्यांच्यापाशी. पण आपण शिबिर भरवतो ते मुलांचे डोळे उघडण्यासाठी. एक युक्ती कळली म्हणून मुलांचा आनंद कमी होत नाही. उलट दुसऱ्या दिवशी ती पट्ट्या कापायला बसतात.

आणि पुढे कधी कोणी बाबा त्यांच्यासमोर तोंडातून काही काढून दाखवील, तेव्हा यांतले एखादे मूल नक्की विचारील, "बाबा, गालात काय ठेवले आहे?" तो प्रश्न विचारायची हिंमत त्याला आपल्या वस्तीतल्या कार्यक्रमाने दिलेली असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.